नेम सुधारल्याचा तोटा

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी, उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला असल्यामुळे तूर्त सात अंगांनी केलेला साष्टांग नमस्कार. आठवं अंग बरं झालं की बाकी चुकती करीन.

तुमचं पत्र पोचलं. 'प्रकृती ठीक. हात थरथरतो. ब्रश ठेवून दिले. बाकी काही नाही.' चार वाक्यं, दहा शब्द. कोशाच्या कचेरीत सव्वीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला संक्षेपाचं कौतुक असतंच, पण आमच्या कोशातसुद्धा एका शब्दाला याहून जास्त जागा देतात हो. गुडघे कसे आहेत, चष्म्याचा नंबर काय म्हणतो, दुपारची झोप लागते का, यातलं एकही तुम्ही कळवलेलं नाही. तेव्हा सगळं उत्तम आहे असं गृहीत धरून मी आमच्याकडची खुशाली कळवतो. ही (म्हणजे तुमची भाचेसून) रोज सकाळी सात ते दोन प्रयोगशाळेत लोकांच्या दंडांत सुया खुपसून रक्त काढते आणि घरी येऊन अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने वर्तमानपत्र वाचते. आमचं कन्यारत्न परगावी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत नकाशे काढतं. कोश 'भ'पर्यंत आला आहे. मी निवृत्त होईन त्या दिवशी 'म' लागलेला असेल अशी चिन्हं आहेत. आणि मी, मामा, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बंदूक चालवायला शिकतो आहे.

घाबरू नका, खुर्ची धरून बसा. बंदूक खोटी आहे, माणसं खोटी आहेत, खरं आहे ते फक्त माझं मनगट. झालं असं की कन्या परगावी गेल्यापासून तिच्याशी फोनवर बोलणं म्हणजे टपाल कचेरीच्या खिडकीशी बोलण्यासारखं झालं होतं. जेवलीस का? हो. काम कसं चाललंय? चाललंय. बरी आहेस ना? हो रे बाबा. आणि मग आम्ही दोघंही एकाच वेळी 'बरं, ठेवतो' म्हणायचो. (तिला मी 'अहो बाबा' म्हणायला शिकवलं नाही. त्याबद्दल तुम्ही मला तिच्या जन्मापासून बोलत आला आहात, ते या पत्रापुरतं राहू द्या.) दिवाळखोरीत निघालेल्या दुकानासारखं ते बोलणं महिन्याभरात बंदच पडायचं, पण मागच्या खेपेला आली तेव्हा ती तिचा जुना कॉम्प्युटर इथे टाकून गेली, आणि बोलता बोलता म्हणाली की रोज संध्याकाळी सात ते आठ ती या बंदुकीच्या खेळात असते, तिघांचा संघ लागतो, तिसरी मैत्रीण लग्न करून परदेशी गेली आणि जागा रिकामी आहे. मी थट्टेत म्हटलं, मी बसतो. तिनेही थट्टेतच म्हटलं, ये. आमच्या घराण्यात थट्टा कुठे संपते हे कुणालाच कधी कळलेलं नाही, तुम्हाला वेगळं काय सांगायचं.

खेळ समजून घ्या, तुम्हाला उपयोग आहे. (का ते शेवटी.) इकडे तिघं, तिकडे तिघं. जागा म्हणजे एखादं ओस पडलेलं गोदाम, जिने, बोळ, रचलेली खोकी. पडद्याच्या बरोब्बर मध्यावर एक बारीक फुली असते. हातातला माऊस हलवला की नजर हलते, नजरेबरोबर फुली, आणि ती फुली समोरच्याच्या डोक्यावर आली की बटण दाबायचं. तत्त्वतः एवढंच. तत्त्वतः सगळंच सोपं असतं. जो मेला तो डाव संपेपर्यंत मेलेलाच राहतो. पण, आणि ही व्यवस्था ज्याने केली त्याचं कल्याण असो, मेलेल्याला आपल्या जिवंत सोबत्याच्या डोळ्यांतून पुढचं सगळं दिसतं आणि त्याची वाचा शाबूत असते. तो बोलू शकतो.

आमच्या संघात मी, कन्या, आणि तिच्याच इमारतीत राहणारा एक तरुण दंतवैद्य. फार सालस माणूस. मी पहिल्याच दिवशी पहिल्याच डावात चाळिसाव्या सेकंदाला पडलो, तर म्हणाला, काही हरकत नाही काका, चूळ भरा आणि परत या. त्या दिवशी मी अकरा वेळा चूळ भरली. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर मी शत्रूला मारतो हा कर्तरी प्रयोग मला एकदाही जमला नाही; माझा प्रत्येक प्रयोग शत्रूकडून मी मारला जातो असा कर्मणीच संपत होता.

कारण शोधायला मला आठवडा लागला, आणि ते असं निघालं की दोष माझा नसून धंद्याचा आहे. सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली की डोळा सवयीने पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जातो आणि तिथून ओळीओळीने उजवीकडे सरकतो. खोलीत शिरलो की मी खोली वाचायचो. डावीकडचं छत, मधलं छत, उजवीकडचं छत, मग खाली दुसरी ओळ. माणसं साधारण सहाव्या ओळीत उभी असतात. तिथवर पोचेपर्यंत माझी इतिश्री झालेली असायची. त्यात एका भिंतीवर रंगवलेल्या पाटीत एक अक्षर उलटं होतं. त्या पाटीखाली मी एकाच संध्याकाळी चारदा मेलो, कारण हात पेन्सिल शोधायचा. कन्या ओरडायची, "बाबा, भिंत काय वाचतोस! माणूस बघ, माणूस!" तिला काय सांगू, की इकडे माणसाकडे बघायचा पगार मला कुणी कधी दिला नाही.

पण मामा, मरणोत्तर जो काळ यायचा तो सोन्यासारखा होता. मी मेलेला, ती जिवंत, मी तिच्या डोळ्यांतून बघतोय, ती जिना चढतेय, आणि चढता चढता, अगदी सहज, बोलतेय. दाराआड एक आहे, थांब, मारला. आणि बाबा, परवा मी ऑफिसात जिन्यात बसून रडले. दुसऱ्या डावात कळलं की साहेब तिच्या नकाशांवर स्वतःची सही करून वर पाठवतो. तिसऱ्या डावात कळलं की तिच्या मनात एकदा त्याच्या तोंडावर बोलावं असं आहे, पण धीर होत नाही. फोनवर सहा महिन्यांत जे निघालं नव्हतं ते तीन गोळीबारांत निघालं. हात गुंतले की माणसाची जीभ मोकळी होते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. तुम्ही तरी तोंडाकडे बघून कधी बोललात? तुमच्या सगळ्या गोष्टी, आजोबांची भांडणं, मामी पहिल्यांदा कुठे भेटली ते, सगळं मी तुमच्या पाठीकडे बघत ऐकलं आहे. तुम्ही शिडीवर उभे, दुकानाची पाटी रंगवताय, आणि मी खाली रंगाचा डबा धरून. ब्रश खाली ठेवला की तुम्ही गप्प.

असे तीन आठवडे गेले. मग एका शनिवारी कन्येने घसा साफ केला. आमचा संघ माझ्या पुण्याईने घसरत घसरत अशा पायरीला आला होता की त्याखाली पायरीच नव्हती, नुसती जमीन होती. दंतवैद्याचा एक मावसभाऊ तयार बसला होता, चांगला खेळतो म्हणे. तेव्हा महिनाअखेरीच्या रविवारी एक सामना, त्यात माझा नेम बरा दिसला तर जागा माझी, नाहीतर मावसभावाची. "वाईट वाटून घेऊ नकोस हं, बाबा," असं म्हणाली. मी म्हटलं, छे, त्यात काय वाईट वाटायचं. आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोनदा पाणी प्यायलो. मावसभाऊ जागेवर बसला म्हणजे माझ्या वाट्याला पुन्हा 'जेवलीस का, हो'. म्हणून, मामा, नेम. दुसरं काही कारण नाही. (शास्त्राची सेवा, वार्धक्यात बुद्धीला व्यायाम, असली कारणं मी कचेरीत सांगतो.)

सरावाला वेगळी खोली असते. भिंतीवर चेंडू उगवतात, फुली नेऊन फोडायचे. पहिल्या दिवशी शंभरात अकरा फुटले, त्यातले चार माझ्या मते आपणहून. मी रोज कचेरीतून आल्यावर पाचशे चेंडू फोडायचा नेम धरला आणि पारंपरिक शिस्त लावली. आधी सुटा सुटा चेंडू, मग पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या, मग उलटसुलट, जसं वेदपाठशाळेत पाठांतर करवून घेत तसं. आठ दिवसांत चेंडू चोवीस झाले आणि मनगट सुजून पोळ्याएवढं... नाही, अतिशयोक्ती नको, लिंबाएवढं झालं. हिने पट्टा बांधला आणि माझ्यामागे उभं राहून दोन मिनिटं बघितलं. म्हणाली, "मी दिवसाला चाळीस शिरा पहिल्या टोचणीत शोधते. तुम्ही त्या फुलीच्या मागे धावताय. मी सुईकडे बघत बसले तर पेशंट पळून जातील." आणि वर्तमानपत्राकडे परत गेली.

तिथे, मामा, मला तुम्ही आठवलात. मी अकरा वर्षांचा. शिंप्याच्या दुकानाची पाटी. शेवटची आडवी रेघ तुम्ही मला मारायला दिलीत आणि मी ब्रशच्या टोकाकडे डोळे रोखून अशी रेघ मारली की शिंप्याने विचारलं, ही नदी कशाला काढली? तुम्ही ती पुसलीत, चिडला नाहीत, एवढंच म्हणालात, "ब्रशकडे काय बघतोस, गाढवा? रेघ जिथे संपायची आहे तिथे बघ. आणि मनगट नाचवू नकोस. देवाने खांदा कशाला दिलाय?"

बेचाळीस वर्षांनी मी तुमचं ऐकलं. माऊसचा चपळपणा ठरवणारी एक पट्टी असते. ती मी खालच्या टोकाला नेली. आधी बोट हललं तरी मी भिंगरीसारखा फिरायचो, आता नुसतं मागे वळून बघायला पूर्ण हात टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावा लागतो. मनगट स्थिर, खांदा चालतो. साहजिकच लिहायचं टेबल अपुरं पडलं आणि मी जेवायचं टेबल ताब्यात घेतलं. त्यावर रेक्झिनचं कापड पसरलं. पहिल्याच जोरदार वळणाला पाण्याचा जग शेजारी ठेवलेल्या मुद्रितांवर गेला. 'भय' ते 'भाग्य' एवढा मजकूर भिजला. प्रधान संपादकांनी सोमवारी ती पानं दोन बोटांनी उचलून हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, शत्रू मागून आला. हल्ली ते माझ्याशी फार मृदू बोलतात आणि रजा घ्या म्हणतात.

डोळ्याचीही सोय केली. मुद्रित तपासताना मी ओळीखाली फूटपट्टी धरतो, तसा पडद्यावर शत्रूच्या डोक्याच्या उंचीला आडवा पांढरा दोरा चिकटवला आणि डोळ्यांना सांगितलं, आजपासून पान एका ओळीचं. आणि एक शुद्धिपत्र ठेवलं. प्रत्येक मरणाची नोंद, अशुद्ध काय घडलं आणि शुद्ध काय हवं होतं. अशुद्ध, जमिनीकडे बघत चाललो. शुद्ध, माणूस जिथून निघेल तिथे फुली आधीच ठेवायची. अशुद्ध, धावता धावता गोळी झाडली. शुद्ध, आधी थांबायचं, मग झाडायची. (हे दुसरं मी धावत्या बससाठीही लिहून ठेवलं आहे.) शंभर चेंडूंत चोविसाचे एकेचाळीस झाले, मग सत्तावन्न. दोरा काढला तरी दोरा दिसू लागला.

रविवार आला. तपशील सांगून तुमचा जीव खात नाही, पण शेवटचा डाव ऐका. दंतवैद्य पडला. कन्या पडली. मी एकटा आणि तिकडे तिघं. मी एका खोक्याआड उभा, आणि कन्या आता माझ्या डोळ्यांतून बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा. मी फुलीकडे बघितलं नाही. दाराची चौकट जिथे संपते तिथे बघितलं. पहिला आला, गेला. दुसरा आला, गेला. तिसऱ्यासाठी मला मागे वळायचं होतं. खांदा टाकला, हात टेबलभर फिरला, मिठाची बाटली जमिनीवर, आणि तिसराही गेला. दंतवैद्य ओरडला, "काका!" (त्याच्या खुर्चीवर कुणी असं ओरडलं तर तो स्वतःच पळून जाईल.) आणि कन्या अगदी हळू म्हणाली, "बाबा, तुझी फुली हलतच नाही रे."

जागा माझी झाली. मिठात पाय न घालता मी नाचलो.

आणि मग, मामा, तो आठवडा आला. सोमवारी मी शेवटपर्यंत जगलो. मंगळवारीही. डावीकडे एक, उजवीकडे दोन, जिन्यावर मी, सावकाश, शाब्बास, चला उद्या भेटू. सात ते आठ आम्ही तिघं जिवंत, आणि जिवंत माणसांना बोलायला उसंत कुठली? बुधवारी दोन डाव मिळून तिचे एकवीस शब्द झाले, मी मोजले. तुमच्या पत्राच्या दुप्पट फक्त. शुक्रवारी जेवताना ही सहज म्हणाली, बरं झालं ना, तिने त्या साहेबाला तोंडावर सुनावलं ते, आता सही तिचीच जाणार. मी विचारलं, कधी? म्हणाली, मंगळवारी, फोन आला होता, तुम्ही चेंडू फोडत होतात. मंगळवारी म्हणजे मी सलग नऊ डाव जगलो तो दिवस. इतका चांगला नेम मी जन्मात धरला नव्हता, आणि नेमकं तेच चुकलं ज्याच्यासाठी धरला होता.

शनिवारी पहिल्या डावात मी खोक्याआडून निघालो आणि सरळ मोकळ्या मैदानात, सकाळच्या फेरीला निघालेल्या गृहस्थासारखा, चालत गेलो. उलट्या अक्षराच्या पाटीखाली उभा राहिलो. बाराव्या सेकंदाला काम झालं. म्हटलं, आता तिच्या डोळ्यांतून बघू. तर अजून दहा सेकंद होत नाहीत तोच तीही आपणहून उघड्यावर आली आणि पडली. मी म्हटलं, "अगं, काय झालं?" म्हणाली, "काही नाही, नेट गेलं." नेट व्यवस्थित होतं, मामा, तिचा आवाज मला स्वच्छ येत होता. मी म्हटलं, साहेबाचं कळलं मला. ती म्हणाली, "तुला मला सांगायचं होतं रे, पण तू मरतच नव्हतास." मग तिने पहिल्यापासून सांगितलं, साहेबाचा चेहरा कसा झाला, सगळं. तिकडे दंतवैद्य एकटा तिघांशी लढत होता आणि अधूनमधून विचारत होता, तुम्ही दोघं आहात ना?

असो. पत्र लांबलं. प्रकृतीला जपावं, गुडघ्यांना तेल लावावं, आणि सविस्तर उत्तर लिहावं.

आपला आज्ञाधारक (बेचाळीस वर्षांच्या विलंबाने),
भाचा

ता. क. दंतवैद्याने काल राजीनामा दिला. फार सभ्यपणे दिला. म्हणाला, काका, मला दिवसभर माणसं तोंड उघडून बसलेली चालतात, पण संध्याकाळीसुद्धा नको. तो आणि मावसभाऊ आता वेगळा संघ काढताहेत. म्हणजे आमची तिसरी जागा रिकामी आहे.

आणखी ता. क. हिला बसवून बघितलं. पहिल्याच डावात तीन गोळ्या, तीन माणसं, चौदा सेकंद. दुसऱ्यात तसंच. मी आणि कन्या धड मरूसुद्धा शकलो नाही, बोलायचं तर दूरच. ही म्हणाली, यात काय आहे एवढं, आणि उठली. तिचा काही उपयोग नाही.

आणखी एक. तुमच्या हाताच्या थरथरीचा मी शास्त्रोक्त अभ्यास केला. मुद्दाम हात थरथरवून बघितला. चपळपणाची पट्टी अगदी खाली नेली की थरथर फुलीपर्यंत पोचतच नाही. फुली फक्त श्वास घेतल्यासारखी दिसते. खांदा तुमचा शाबूत आहे, आणि डोळा कुठे ठेवायचा हे तुम्हाला मी शिकवणार नाही. कन्या येत्या रविवारी तुमच्यासाठी आणखी एक कॉम्प्युटर घेऊन तुमच्याकडे येते आहे (आमचं जेवायचं टेबल हिने परत घेतलं, तुमचं मोठं आहे आणि त्यावर हल्ली एकच ताट असतं). 'नको' म्हणायचं असेल तर तिलाच सांगा, मला धीर नाही.

शेवटचं. कुणाला मारायची सक्ती नाही. पाट्या आहेत, भिंती आहेत, त्यांच्याकडे बघत फिरा, उलटं अक्षर दिसलं तर खुशाल शिव्या द्या, आणि मनात येईल ते बोलत राहा. आम्ही दोघं मेल्यावर तुमच्याच डोळ्यांतून बघत, ऐकत असू. तिसऱ्या गड्याला आमची अट एकच आहे, मामा. लवकर मरायचं नाही.